शैलजाताई, सही तुमची होती

शैलजाताई,

लखनौच्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर एक पान द्यायचं ठरलंय. तुमच्याबरोबर ऑफिसात काम केलेला मराठी माणूस मी एकटाच, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. "दोन शब्द लिहून द्या यार, तुम्ही तर त्यांच्या अगदी क़रीबचे होतात," असं सेक्रेटरी फोनवर म्हणाले. मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. क़रीबचा होतो हे खरं आहे. पण तुमच्या शेवटच्या दोन वर्षांत मी तुमच्या दारात एकदाही आलो नाही, हे त्यांना माहीत नाही. का आलो नाही, हे तर कुणालाच माहीत नाही. निदान परवा तुमच्या तेराव्याला येईपर्यंत मला तसं वाटत होतं.

तुमचं गाव, शिक्षण, कुटुंब हे सगळं तुमचे यजमान, देवकाका, लिहून देतील. मी तेवढंच लिहितो जे मलाच लिहायला हवं.

निशातगंजच्या आपल्या ऑफिसात तुम्ही आलात तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होतात. शाळेत गणित शिकवणं सोडून सॉफ्टवेअर तपासण्याचा कोर्स करून आलेल्या. बाकी आम्ही सगळे पंचविशी-तिशीचे. तुमचं टेबल माझ्या मागे होतं. पहिल्याच दुपारी मी आईशी फोनवर बोलत होतो, "हो, जेवून राहिलो," आणि मागून आवाज आला, "अकोला की अमरावती?" मी वळून म्हटलं, "अकोला." तुम्ही म्हणालात, "मी सांगलीची. आता निदान एका माणसाशी तरी धड भांडता येईल."

आणि भांडलात. पहिलं भांडण त्याच आठवड्यात झालं. तुम्हाला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा नीट शिकायची होती आणि शिकवायला मी होतो. मी डिक्शनरी समजावत होतो. एका बाजूला की, म्हणजे रकान्याचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला त्या रकान्यातली माहिती. नाव, वय, रक्तगट. एका पेशंटची अख्खी नोंद म्हणजे एक डिक्शनरी. मग मी दाखवलं की अशा दोन डिक्शनऱ्या एका ओळीत एकत्र करता येतात. तुम्ही चष्मा वर सरकवलात.

"दोन्हीकडे एकच की असेल तर?"

"उजवीकडची माहिती राहते."

"आणि डावीकडची?"

"जाते."

"कुठे जाते?"

"कुठे नाही, ताई. पुसली जाते."

"आणि तसं सांगत नाही?"

"नाही. कशाला सांगेल? ती भाषाच तशी आहे."

तुम्ही वहीत काहीतरी लिहिलंत आणि म्हणालात, "हे मला पटलेलं नाही." मी हसलो. भाषेचा नियम पटण्या-न पटण्याचा प्रश्नच कुठे येतो, असं मला वाटलं. पुढे चार वर्षं मी तुमचं हे वाक्य ऑफिसात नक्कल करून दाखवत असे. तुम्हीही हसायचात.

मला डेंग्यू झाला तेव्हाचं सांगतो. मी लखनौत एकटा, खोलीचा मालक गावाला गेलेला. तुम्ही वृंदावन योजना वसाहतीतल्या तुमच्या घरून माझ्या खोलीपर्यंत, शहराच्या एका टोकाहून दुसरीकडे, आठ दिवस रोज ऑफिसला येण्याआधी मुगाची खिचडी घेऊन आलात. डबा ठेवायचात, ताप बघायचात, रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे एका कागदावर तारखेप्रमाणे उतरवायचात. एकदा दोन रिपोर्टमध्ये माझं वय वेगवेगळं पडलं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या, काय फरक पडतो." तुम्ही लॅबला फोन लावलात. "भैया, यह लड़का अट्ठाईस का है या अड़तीस का, पहले यह तय कीजिए, फिर प्लेटलेट बताइए." पलीकडून त्यांनी तपासलं तर एक रिपोर्ट दुसऱ्याच प्रशांतचा निघाला. तुम्ही मला त्यावर एक शब्दही सुनावला नाहीत. नवा रिपोर्ट मागवलात आणि ऑफिसला गेलात.

एवढं केलेल्या बाईशी मी जे वागलो ते आता लिहितो.

एका नर्सिंग होमच्या दोन दवाखान्यांची कामं आपल्याकडे होती. एक जुना, निशातगंजमधला, दुसरा नवा, तुमच्या घराजवळचा. दोन्हीकडच्या पेशंटांच्या नोंदी एकत्र करायच्या होत्या. कोड मी लिहिला. पेशंट दोन्हीकडे असेल तर जुनी नोंद डावीकडे, नवी उजवीकडे, एका ओळीत जोड. नवी माहिती राहणार, जुनी जाणार. मला ते स्वच्छ, सरळ वाटलं.

तपासायला कोड तुमच्याकडे आला. तुम्ही पडद्यावरच त्या ओळीखाली शेरा लिहिलात. मला तो पाठ आहे. "नव्या दवाखान्यात ॲलर्जीचा रकाना पुष्कळ ठिकाणी रिकामा आहे. रिकामा म्हणजे ॲलर्जी नाही असं नव्हे. रिकामा म्हणजे कुणी विचारलं नाही. जोडताना हा रिकामा रकाना जुन्या माहितीला पुसेल."

मी तुमच्या टेबलाशी आलो. मी उभा, तुम्ही बसलेल्या.

"ताई, नवी माहिती हीच खरी माहिती, असंच धरतात सगळीकडे."

"नवी आहे म्हणून खरी कशी? जिथे दोन्हीकडे वेगळं आहे तिथे थांबायचं. यादी काढायची. दवाखान्यातल्या माणसाला विचारायचं."

"हजारो नोंदी आहेत."

"मग हजार वेळा विचारायचं."

"उद्या सकाळी त्यांना चालू करून द्यायचंय. आणि माझी आज संध्याकाळची गाडी आहे."

ती गाडी अकोल्याची होती. चुलतभावाचा साखरपुडा. बॅग टेबलाखाली भरून ठेवलेली. मी घड्याळाकडे बघत होतो आणि तुम्ही ते बघत होतात.

"तुम्ही आज सही करा," मी म्हटलं. "चार दिवसांनी आलो की पहिलं काम हेच. तेवढ्यात कुणाचं काय बिघडतंय?"

तुम्ही तो शेरा पुन्हा एकदा वाचलात. मग म्हणालात, "जुन्या नोंदींची एक प्रत बाजूला काढून ठेव. तेवढं तरी कर. मग सही करते."

मी प्रत काढली. तुम्ही तपासणीच्या कागदावर सही केलीत. मी तुमच्या शेऱ्यापुढे 'पाहिलं, ठीक आहे' असं लिहून तो बंद केला आणि रिक्षा पकडली.

साखरपुडा छान झाला. परत आलो तर दुसरं काम समोर आलं. तुम्ही एकदा विचारलंत, "प्रशांत, ते रकान्याचं?" मी म्हटलं, "हो ताई, करतो." खरं सांगायचं तर मी विसरलो होतो. तुम्ही विचारल्यावर आठवलं आणि पुन्हा विसरलो.

पंधरवड्यात नर्सिंग होमचा फोन आला. मलिहाबादचे एक आंबेवाले, वय सत्तरच्या पुढचं, तापात नव्या दवाखान्यात आणले होते. जुन्या नोंदीत स्पष्ट होतं की सल्फाचं औषध त्यांना चालत नाही. पण रक्तदाब दाखवायला ते एकदा नव्या दवाखान्यात गेले होते आणि तिथे कुणी तो रकाना भरला नव्हता. आता पडद्यावर तो रिकामाच दिसत होता. ते ग्लानीत, बरोबरच्या मुलाला काही माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सल्फा दिलं. अंगभर फोड आले, तोंडाच्या आतली कातडी सुटली. बारा दिवस ते अतिदक्षता विभागात होते. वाचले. बाजूला काढलेली ती प्रत होती म्हणून बाकीच्या पेशंटांच्या पुसलेल्या नोंदी त्याच दिवशी परत भरता आल्या. ती प्रत ठेवायला तुम्ही लावली होती, हेही त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

साहेबांच्या केबिनमधली बैठक. साहेब, नर्सिंग होमचे दोघं, तुम्ही आणि मी. साहेबांनी तपासणीचा कागद पुढे ठेवला.

"यह टेस्टिंग में कैसे छूट गया, शैलजा जी? साइन तो आपका है."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असतं आणि तो उठून सांगेल म्हणून बाई थांबतात, तसं. मी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिलो. पडद्यावर काहीही उघडलेलं नव्हतं, ताई. फक्त फोल्डरची नावं होती. मी ती वाचत होतो.

 मग तुमचा आवाज आला. "जी सर, साइन मेरा है."

एवढंच. शेऱ्याचं तुम्ही काढलं नाहीत. बंद केलेला शेरा कुणी मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाही. तो मी उघडायला हवा होता. अख्ख्या केबिनमध्ये तो कुठे आहे हे फक्त आपल्या दोघांना माहीत होतं.

त्या महिन्याच्या अखेरीस तुम्ही राजीनामा दिलात. कुणी मागितला नव्हता, पण तपासणीचं काम तुमच्याकडून काढून घेतलं होतं आणि तुम्ही नुसत्या बसून होतात. निरोपाला समोसे आणले होते. मी त्या दिवशी रजा टाकली. तब्येतीचं कारण दिलं.

आणि याहून वाईट सांगतो. मी तो कोड दुरुस्त केला. दोन्ही नोंदींत वेगळं असेल तिथे थांबायचं, यादी काढायची, दवाखान्यातल्या माणसाला विचारायचं. तुमचे शब्द जसेच्या तसे. नर्सिंग होमनं कौतुक केलं. साहेबांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "देखो, प्रशांत ने कितना सोचकर बनाया है." मी 'थँक यू सर' म्हटलं. वर्षाच्या शेवटी मला टीम लीड केलं.

नंतर एकदा निशातगंजच्या बाजारात तुम्ही दिसलात. भाजीवाल्याच्या गाड्यावरून कोथिंबीर निवडत होतात. पाठमोऱ्या होतात, पण पिशवी ओळखीची. दहा-बारा पावलं अंतर. मी मनात म्हटलं, जाऊन सांगावं, ताई, माझं चुकलं. तीन शब्द. आणि माझे पाय बाजूच्या गल्लीत वळले. गल्ली पुढे बंद होती. एका शिंप्याच्या दुकानापुढे मी उभा राहिलो. त्यानं विचारलं, "कहिए, क्या सिलवाना है?" मी म्हटलं, "कुछ नहीं, किसी के जाने का इंतज़ार कर रहा हूँ." अनोळखी माणसाशी मी इतकं खरं बोललो. तुमच्याशी बोललो नाही.

तुम्ही आजारी आहात हे कळलं तेव्हाही असंच. आज जाऊ, या रविवारी जाऊ. जायचं म्हणजे काय बोलायचं हे ठरवावं लागणार आणि ते ठरत नव्हतं. मग मंडळाच्या ग्रुपवर बातमीच आली. खाली एकामागून एक 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडत होतं. मीही ते टाइप केलं आणि पुसलं.

परवा तुमच्या तेराव्याला आलो. मागच्या रांगेत बसायचं आणि देवकाकांना नमस्कार करून निघायचं, असं ठरवून आलो होतो. तुमच्या लेकीनं, ईरानं, पाणी आणून दिलं. मी मराठीत विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "ठीक हूँ भैया. आप बैठिए ना." तिनं मला ओळखलं होतं की नाही ते कळलं नाही.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरा कुर्ता, टोपी, पायाशी दशहरी आंब्यांची पेटी. सगळे त्यांच्याशी अदबीनं बोलत होते. देवकाका मला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेले. "इकराम चाचा, हा प्रशांत. शैलजाच्या ऑफिसातला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाचा मलिहाबादचे. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यात होते ना, तेच."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो, ताई.

चाचांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या मनगटावर अजून काळे डाग आहेत. ते म्हणाले, "बेटा, तुम तो उनके साथ काम करते थे. तुम्हें तो मालूम होगा कैसी ख़ातून थीं. मैं अस्पताल से घर आया, चौथे दिन यह मियाँ-बीवी हमारे बाग़ में आए. कहने लगीं, चाचा, आपका काग़ज़ मैंने जाँचा था, दस्तख़त मेरे थे, मुझसे चूक हुई. आजकल कौन आकर बताता है? मेरे लड़के तो लड़ने को तैयार थे. मैंने कहा, ख़बरदार, मेहमान हैं."

त्यानंतर दर महिन्याला तुम्ही मलिहाबादला जात होतात. त्यांच्या औषधांची यादी सुनेला लिहून दिलीत, काय चालत नाही ते लाल शाईनं. घरातल्या प्रत्येकाची अशी यादी केलीत. दोन्ही उन्हाळे त्यांच्याकडून आंब्याची पेटी यायची. हे सगळं मी त्या खुर्चीत बसून ऐकलं. मी शिंप्याच्या दुकानापुढे लपलो होतो तेव्हा तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेऊन मलिहाबादच्या रस्त्याला लागलेल्या होतात.

मी म्हटलं, "चाचा, ग़लती उनकी नहीं थी. मेरी थी."

आजूबाजूचे दोन-तीन जण थांबले. मी सगळं सांगितलं. दोन नोंदी कशा जोडल्या, तुम्ही काय लिहिलं होतंत, मी गाडीसाठी सही कशी करवून घेतली, केबिनमध्ये कसा गप्प बसलो. हिंदी अडखळत होती, मध्येच मराठी येत होती, देवकाका ते चाचांना सांगत होते. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. मला तेव्हा लक्षात आलं की त्यांना यातलं काहीही नवीन नाही.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. हात सोडला नाही. मग विचारलं, "तो बेटा, तुम क्यों नहीं आए?"

 ते चिडून विचारत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांनी वाट पाहिली. मग माझा हात थोपटून ते शेजारच्या माणसाशी बोलायला लागले.

काल ऑफिसात जाऊन मी तो जुना शेरा उघडला, तारखेसकट साहेबांना पाठवला आणि घडलं ते खाली लिहिलं. साहेबांनी बोलावून घेतलं. "अब इससे क्या फ़ायदा, प्रशांत? वो तो रहीं नहीं." मी म्हटलं, "सर, काग़ज़ पर तो अब भी उन्हीं का नाम है."  साहेब पुढे काय करतील ते माहीत नाही. हे पान मी सेक्रेटरींना असंच देणार आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

पण परवा तुमच्या घरून निघताना जे झालं ते अजून लिहिलेलं नाही. देवकाका मला जिन्यापर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "काका, तुम्हाला सगळं माहीत होतं." ते म्हणाले, "तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हणत होतो, साहेबांना सांग. ती म्हणाली, प्रशांत सांगेल, त्याला जरा वेळ लागेल." मी एक पायरी उतरून थांबलो. ते म्हणाले, "वर्षभर तरी वाट बघितली तिनं. संध्याकाळी बेल वाजली की म्हणायची, बघा हो, प्रशांत असेल. तू आलास की तुला काय म्हणायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं."

"काय म्हणणार होत्या?"

देवकाकांनी माझ्याकडे बघितलं. "मी विचारलं होतं रे. म्हणाली, तुम्हाला नाही सांगणार. तो आल्यावर त्यालाच सांगेन."